३० अँपिअरची शोअर पॉवर केबल: पैसे तारेवर नको, टोकावर घाला

अमेरिकेतल्या मरिनात, म्हणजे बोटी लावायच्या बंदरात, पंचवीस-तीस फुटी बोट लावली की धक्क्यावरच्या खांबाला शोअर पॉवरचं, म्हणजे किनाऱ्यावरून बोटीला वीज घेण्याचं, बहुतेक वेळा एकच सॉकेट वाट्याला येतं: १२५ व्होल्ट, ३० अँपिअर, पिळून बसवायचं ट्विस्ट-लॉक, म्हणजे एल५-३०. त्यासाठी केबल घ्यायला गेलं की मुख्यतः तीन पर्याय दिसतात. मारिंको कंपनीची नेहमीची पिवळी ट्विस्ट-लॉक, त्यांचीच चिमट्याच्या पकडीची ईईएल, आणि बोटीकडच्या टोकाला स्मार्टप्लग कंपनीचा सरळ पिनांचा कनेक्टर असलेली. आतली तार तिन्हींत सारखीच, १० गेजच्या तीन तारा (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा लहान तितकी तार जाड). खरा फरक टोकाला आहे, आणि जळतं तेही टोकच, त्यातही बहुधा बोटीकडचं.

कारण साधं आहे. ट्विस्ट-लॉकच्या वाकड्या पात्या आतल्या स्प्रिंगला थोड्याच जागेत टेकतात. ५० फुटी केबल सहा किलोच्या आसपास भरते. त्यातला लोंबणारा भाग टोकाला सतत खाली ओढतो, बोट हलते, खारी हवा पितळेवर थर चढवते. अशा लूज कॉन्टॅक्टमध्ये फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला आणि त्यातून २४ अँपिअर वाहू लागले, तर त्या एका बिंदूवर सुमारे ५८ वॅट उष्णता निघते. म्हणजे प्लास्टिकच्या डबीत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून झोपण्यासारखंच. ब्रेकर ट्रिप होत नाही, कारण तो उष्णता नाही, करंट बघतो, आणि करंट तर मर्यादेतच असतो.

तरीही साधी ट्विस्ट-लॉक वाईट म्हणता येणार नाही. बॅटरी चार्जर, दिवे, छोटा फ्रिज एवढंच चालवायचं असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते, सुटे भाग बोटीच्या कुठल्याही दुकानात मिळतात, आणि अडचणीला शेजारच्या बोटीची केबलही चालते. अट एकच: आत ढकला, उजवीकडे पूर्ण पिळा, आणि मग बाहेरची आट्यांची रिंग इनलेटवर, म्हणजे बोटीवर बसवलेल्या जोडावर, घट्ट फिरवा. ही रिंग नुसती पाण्यासाठी नाही, केबलचं वजन तीच पेलते. कितीतरी बोटींवर ती सुटी लोंबताना दिसते.

ईईएलमध्ये रिंगऐवजी चिमट्यासारखी पकड आहे. एका हाताने लागते, वीज आली की टोकाचा दिवा लागतो. पाठदुखी असलेल्यांना, अंधारात धक्क्यावर लागणाऱ्यांना सोय मोठी आहे. पण आतल्या पात्या त्याच, त्यामुळे मूळ दुखणं जागच्या जागी राहतं.

एसी आणि पाण्याचा हीटर दोन्ही चालणार असतील तर आमचं मत स्मार्टप्लगच्या बाजूने आहे. पिना सरळ आणि जाड, पिळायची भानगड नाही, उलटा बसतच नाही, आणि दोन्ही बाजूंच्या पकडी वजन घेतात. धातूला धातू टेकण्याची जागा ट्विस्ट-लॉकच्या वीसपट असल्याचा कंपनीचा दावा आहे. तो आकडा बाजूला ठेवला तरी दोन्ही पिना शेजारी धरल्या की फरक नजरेला कळतो. नवीन इनलेट साधारणपणे जुन्याच भोकात बसतो, आणि जुनी केबल चांगली असेल तर तिच्या फक्त बोटीकडच्या टोकाला नवा कनेक्टर लावता येतो. खांबाकडचं टोक ट्विस्ट-लॉकच राहतं. उणीव एवढीच, की केबल हरवली तर शेजाऱ्याची लागत नाही.

कनेक्टर स्वतः बदलणाऱ्या आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. भारतातल्या वायरिंगमुळे काळी म्हणजे न्यूट्रल ही सवय हाताला असते. अमेरिकेत काळी हीच फेज: ती पितळी रंगाच्या स्क्रूला, पांढरी न्यूट्रल चंदेरी स्क्रूला, हिरवी अर्थिंग हिरव्याला. तांबं काळवंडलेलं असेल तर चकचकीत लागेपर्यंत केबल कापत जा. टोकांना सोल्डर लावू नका. स्क्रूखाली ते हळूहळू दबतं आणि पकड पुन्हा सैल होते.

लांबीच्या बाबतीत हाव नको. १० गेजच्या ५० फुटांत ३० अँपिअरला सुमारे ३ व्होल्ट पडतात, १०० फुटांत ६. खांब ते इनलेट अंतर बोट दोन्ही तोंडांनी लावून मोजा. धक्का तरंगता नसेल तर भरती-ओहोटीही धरा. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या पोर्टलंडला हा फरक सरासरी ९ फूट आहे. २५ फुटी दोन जोडणं म्हणजे पाण्याच्या वर आणखी एक सांधा, त्यापेक्षा ५० फुटी एकच बरी. घरातली नारिंगी १६ गेजची एक्स्टेंशन तर अजिबात नको.

भाराचा हिशेब आधी करा. सलग वापराला ३० चे ८० टक्के, म्हणजे २४ अँपिअर धरायचे. १५०० वॅटचा हीटर एकटाच साडेबारा घेतो. त्यात एसी तेवढाच आणि वर चार्जर आला की मर्यादा ओलांडलीच. हीटर तासभर चालवून बंद करा, मग एसी लावा.

जोडताना बोटीचा मेन स्विच आणि खांबाचा ब्रेकर दोन्ही बंद ठेवून आधी बोटीकडचं टोक, मग खांबाकडचं. काढताना आधी खांबाकडचं. उलट केलं तर हातात जिवंत टोक आणि खाली पाणी. ब्रेकर चालू केल्यावर बोटीच्या पॅनेलवरचा रिव्हर्स पोलॅरिटीचा, म्हणजे फेज-न्यूट्रल उलटे लागल्याचा, दिवा बघा. लागला तर लगेच बंद.

पूर्ण भारावर अर्ध्या तासाने कनेक्टरला बाहेरून हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, एखादी फट तपकिरी दिसत असेल, रिंग फिरायला अडत असेल, तर वीज बंद करून केबलबरोबर इनलेटही बदला. जळक्या इनलेटवर लावलेली नवी केबलही लवकरच जळते. इनलेटच्या मागचे स्क्रू बोटीच्या आतल्या बाजूला असतात आणि सहसा कोणी बघत नाही. दर हंगामाच्या सुरुवातीला, खांबाकडचं टोक काढून, ते आवळून घ्या.