बाहुल्यांच्या फोटोंसाठी फोन की कॅमेरा? अकरा महिने दोन्ही वापरून

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी लेन्स) दुरुस्तीला गेली आणि सहा आठवड्यांनी होती तशीच परत आली, म्हणून हे आत्ता लिहितोय. नाहीतर वर्ष पुरं झाल्यावर लिहायचा बेत होता.

सामान असं: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम मापाच्या सेन्सरचा) डीएसएलआर, सेकंडहँड, १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम एफ/१.८ (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं). दुसरीकडे तीन कॅमेऱ्यांचा फोन, मुख्य लेन्स २४ एमएमच्या तोडीची, टेली (दूरचं जवळ आणणारी) ३एक्स म्हणजे ७२ च्या आसपास. अल्ट्रावाइड या कामात निरुपयोगी, तिचा विषय इथेच संपला. बाहुल्यांमध्ये बहुतेक बार्बी, दोन ब्लाइद (मोठ्या डोक्याच्या, मोठ्या डोळ्यांच्या), एक ६० सेंमीची रेझिनची बॉल-जॉइंटेड (गोळ्यांच्या सांध्यांची), आणि शोकेसच्या खालच्या कप्प्यात सावंतवाडी आणि चन्नपट्टणची लाकडी मंडळी.

मेगापिक्सेल, सेन्सर, एआय यांवर वाद घालण्याआधी एक मोजपट्टी घ्या. बार्बी साडेअकरा इंचांची, म्हणजे २९ सेंमी. माणसाच्या एकास सहा. माणसाचा अर्धा फोटो काढताना आपण दोन-तीन मीटरवर उभे राहतो, पूर्ण उभा काढायचा तर पाच-सहा मीटरवर. हे सगळं सहाने भागा. चेहऱ्यासाठी ३५ ते ५० सेंमी, पूर्ण बाहुलीसाठी ८० सेंमी ते एक मीटर. आता फोनची मुख्य लेन्स लावून बार्बी डोक्यापासून सँडलपर्यंत चौकटीत भरायचा प्रयत्न करा, फोन वीस-बावीस सेंमीवर येतो. बाहुलीच्या जगात हे झाले चार फूट. चार फुटांवरून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून कोणी नवरीचा पूर्ण फोटो काढला तर तिच्या घरचे पैसे देणार नाहीत. डोकं टपोरं, पाय आखूड, पुढे केलेला हात भाकरी थापायच्या हाताएवढा. ‘फोनमध्ये बाहुली खेळण्यासारखी दिसते’ अशी जी तक्रार असते तिचं मूळ इथे आहे. लेन्स चेहरा वाकडा करत नाही, अंतर करतं. तीच मुख्य लेन्स ८० सेंमीवर नेऊन मधला भाग कापून घेतला तर प्रमाण अगदी बरोबर येतं, फक्त पिक्सेल उरत नाहीत.

जवळ जाण्याचे आणखी दोन तोटे आहेत. फोन स्वतःच उजेड अडवतो, आणि ब्लाइदच्या मोठ्या डोळ्यांत किंवा बॉल-जॉइंटेडच्या काचेच्या डोळ्यांत फोनचा काळा आयत स्वच्छ दिसतो. पुष्कळ जण तो नंतर खोडत बसतात. ६० सेंमी मागे सरकलं की तो टाचणीच्या डोक्याएवढा होतो.

मग टेली लेन्स वापरावी, झालं. ७२ एमएमवर पूर्ण बार्बी साठ-पासष्ट सेंमीवरून येते, हिशोब जवळजवळ जुळतो. इथे माझं डोकं फिरवणारी गोष्ट सुरू होते. स्क्रीनवर ‘३एक्स’ लिहिलेलं असतं, पण फोटो टेलीने काढलेला असेलच असं नाही.

चेहरा जवळून घ्यायला पुढे सरकलं, की साधारण अर्ध्या मीटरच्या आत (माझ्या फोनवर, तुमच्यावर आकडा वेगळा असेल) टेलीचा फोकस पोचत नाही. फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जातो, मधला तुकडा कापतो आणि वर ३एक्सची पाटी तशीच ठेवतो. तीन पट कापणं म्हणजे क्षेत्रफळ एक नवमांश. ५० मेगापिक्सेलमधले साडेपाच उरले, त्यावर धार चढवून बारा करून दिलेले. बार्बीच्या पापण्या आणि ओठ छापील असतात, जवळून पाहिलं तर बारीक ठिपके दिसतात. या कापाकापीत त्या ठिपक्यांचं पिठलं होतं. उजेड कमी असेल तर अंतर बरोबर असूनही फोन हेच करतो, कारण टेलीचा सेन्सर लहान आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक) बारीक. शिवाय दोन लेन्समध्ये दोनेक सेंमीचं अंतर असतं. बाहुलीच्या मापाने ते १२ सेंमी, त्यामुळे अर्धा तास खपून मांडलेली चौकट ऐन वेळी एका बाजूला उडी मारते.

तपासायची सोपी युक्ती: टेलीच्या काचेवर बोट ठेवा. चित्र काळं झालं नाही, तर तुम्ही फसवले जात आहात. ही चाचणी प्रत्येक मांडणीला करतो. कस्टमर केअरला विचारलं तर उत्तर आलं की हे फीचर आहे. बंद कसं करायचं, तर तसा पर्याय नाही. पर्याय आहे, त्यांना माहीत नव्हता: प्रो मोडमध्ये लेन्स हाताने निवडली की अदलाबदल थांबते आणि फोकस होत नसेल तर निदान तसं स्पष्ट दिसतं. ज्यांच्या फोनमध्ये प्रो मोड नाही त्यांनी लेन्स कुलूपबंद करणारं दुसरं कॅमेरा ॲप घ्यावं. दोन्ही नसेल तर उजेड वाढवा, ५५ सेंमीवर थांबा आणि नंतर हाताने कापा. खऱ्या टेलीचा कापलेला फोटो खोट्या ३एक्सपेक्षा बरा येतो.

फोनच्या बाकीच्या खोडी थोडक्यात. ब्यूटी फिल्टर पूर्ण शून्यावर आणा, नाहीतर हाताने रंगवलेल्या चेहऱ्यावरचे तीळ-वांग आणि गालांची छटा पुसली जाते; फोनला बाहुली माणूसच वाटते. पोर्ट्रेट मोड नको, बोटांमधली फट आणि सुटे केस तो कापतोच. व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा, नाहीतर एकाच बाहुलीच्या चार फोटोंत चार कातड्या.

कॅमेऱ्याकडे वळू. ५० एमएम एपीएस-सीवर ७५ सारखी वागते. पूर्ण बार्बी सुमारे ७५-८० सेंमीवरून, म्हणजे सहाने भागलेल्या हिशोबात अगदी मोजून. ही जोडी बाहुल्यांसाठीच बनवली असावी असं वाटतं. घोटाळा होतो तो एफ/१.८ च्या हव्यासाने. त्या अंतरावर एफ/१.८ ला जेमतेम दीड सेंमीचा पट्टा स्पष्ट येतो. चेहरा धारदार, हातातली पर्स धुक्यात. एफ/५.६ ला साडेचार सेंमी मिळतात, एफ/८ ला साडेसहा. उभ्या बाहुलीला ५.६, हात पुढे असेल किंवा नऊवारीचा घोळ दाखवायचा असेल तर ८. चेहऱ्याच्या जवळच्या फोटोला सुरुवातच ८ पासून. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून उजेड पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. फोनला हा प्रश्न कमी छळतो. लहान सेन्सरमुळे वीस सेंमीवरही तीनेक सेंमी स्पष्ट येतं. मात्र बहुतेक फोनचं ॲपर्चर कायमचं एकच, त्यामुळे तीनचे सहा करता येत नाहीत.

५० एमएम फार जवळ फोकस करत नाही, चौकट साधारण १० बाय १६ सेंमीवर अडते. फक्त डोकं भरून हवं असेल तर १२ एमएमची एक्स्टेंशन ट्यूब (बॉडी आणि लेन्समध्ये बसणारी पोकळ नळी) लावा. ट्यूबची जाडी भागिले फोकल लेंग्थ म्हणजे मिळणारी जादा पट, इथे ०.२४. चौकट ४ बाय ६ सेंमीवर येते आणि बार्बीचं डोकं बरोबर बसतं. पण मग एफ/८ लासुद्धा स्पष्ट पट्टा तीन मिलिमीटरचा, म्हणजे नाकाचं टोक किंवा डोळा, एकच निवडा. दोन्ही हवे असतील तर फोकस थोडा थोडा सरकवत सात-आठ फोटो घेऊन नंतर जोडायचे. ट्यूब घेताना विजेचे काँटॅक्ट असलेलीच घ्या. पैसे वाचवायला बिनकाँटॅक्टची घेतली की ॲपर्चर बदलता येत नाही, आणि ती ट्यूब मग पेपरवेट होते. हे पेपरवेट माझ्या टेबलावर आहे.

गुलाबी रंगाची एक सूचना. बार्बीचा तो गडद गुलाबी दोन्ही यंत्रांना चकवतो. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) नीट दिसतो, पण लाल वाहिनी भिंतीला टेकलेली असते आणि कपड्याच्या चुण्या गायब होतात. कॅमेऱ्यात आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) हिस्टोग्राम चालू ठेवा, एक्स्पोजर २/३ स्टॉप उतरवा, रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. खणाच्या कापडाचे काठ आणि जरीलाही हाच उपाय. बाय द वे, बाहुलीच्या नऊवारीला खण उत्तम. बुट्टी इतकी बारीक असते की एकास सहात शोभते. लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यांवरच्या चकाकीला पोलरायझर लावा, पण समोरून नाही, तिरकं उभं राहून. समोरून तो फक्त उजेड खातो.

अपडेट. इथपर्यंतचं लिहून ठेवलं होतं तेव्हा निकाल कॅमेऱ्याकडे झुकलेला होता. नंतर लेन्स सर्व्हिस सेंटरला गेली, ५० एमएमही तपासायला सोबतच दिली, आणि सहा आठवडे निव्वळ फोनवर काढले. मत बदललं. कॅमेऱ्याच्या नावावर जे गुण मांडले होते त्यातले निम्मे ट्रायपॉडचे आणि दिव्याचे होते.

फोन ट्रायपॉडवर, ६५ सेंमीवर, टेली कुलूपबंद, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, रॉ. एवढं केल्यावर पूर्ण उभ्या बार्बीचा फोटो फोनच्या पडद्यावर कोणता कशाने काढला हे ओळखता येत नाही. ६० सेंमीच्या बॉल-जॉइंटेडला तर कॅमेरा काढायचं कारणच उरलं नाही. ती एकास तीन, सगळी अंतरं आपोआप दुप्पट, टेलीला फोकसची अडचण नाही. फरक दिसतो तो चेहरा भरून घेताना, छापील ठिपके दाखवताना आणि विक्रीसाठी सांध्याची भेग किंवा कानाजवळचा हिरवा डाग दाखवताना. (जुन्या बार्बीच्या धातूच्या कानातल्यांनी व्हिनाइल हिरवं पडतं. घेणारा ते पहिलं विचारतो.) तिथे ट्यूब लावलेल्या ५० एमएमला फोन हात लावू शकत नाही.

म्हणजे खर्चाचा क्रम उलटा. आधी उजेड. घरातले नेहमीचे एलईडी बल्ब बंद करा, ते खिडकीच्या उजेडात मिसळले की बाहुलीचा एक गाल निळा, एक पिवळा. साध्या बल्बचा सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरातला आकडा) ८० च्या आसपास असतो, लाल रंग कमजोर पडतो आणि व्हिनाइलची कातडी आजारी दिसते. पुण्यात तापकीर गल्लीत ९५ सीआरआय सांगून दिवा मागा आणि खोक्यावर छापलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दिव्यापुढे हातभर अंतरावर ट्रेसिंग पेपर. अप्पा बळवंत चौकातला मोठा ताव पुरतो. दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा करा, सावली भरून निघते. मागे कार्डशीट भिंतीवरून टेबलावर वळवून, घडी न घालता. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, म्हणून फोनवर आडवे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. ट्रायपॉडवर असाल तर सरळ १/५. बाहुली हलत नाही, हा या छंदातला सगळ्यात मोठा फायदा, तो फुकट घालवू नका. अपवाद तंजावरच्या मान डोलवणाऱ्या बाईंचा. दार लागलं तरी डोलतात, पंखा बंद करून मिनिटभर थांबावं लागतं. रेझिनच्या बाहुलीला गॅलरीतल्या उन्हात मात्र बसवू नका, अतिनील किरणांनी ती पिवळी पडते आणि परत पांढरी होत नाही.

आता लेन्स. पुण्याचा पावसाळा आणि चामड्याची कॅमेरा बॅग हे समीकरण कुठल्याच रिव्ह्यूत नसतं. बॅग ओल धरते, आत अंधार, वारा नाही. सप्टेंबरात १८-५५ च्या आतल्या काचेवर कोळिष्टकासारखे बुरशीचे धागे दिसले. टॉर्च मागून मारला तरच दिसतात, सेकंडहँड लेन्स घेताना हीच चाचणी करा. सर्व्हिस सेंटरने आधी साफ करतो म्हटलं, दोन आठवड्यांनी भाग मिळत नाही म्हटलं, मग अशा लेन्सच्या सेकंडहँड किमतीच्या पाऊणपट आकडा सांगितला, आणि नको म्हटल्यावर तपासणी शुल्क लावून परत दिली. खोक्यावर ‘समस्या: निराकरण झाले’ असं स्टिकर आहे.

५० एमएम वाचली होती. ती आणि बॉडी आता रबरी कडा असलेल्या हवाबंद डब्यात असतात, सोबत २०० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा, ६० च्या वर गेला की जेल बदला. दाणे हिरवे झाले की फेकू नका, ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात. खाण्याच्या भांड्यात तापवू नका एवढंच. बॅग विकायला काढली आहे.

ज्यांच्या फोनला खरी टेली आहे त्यांनी ट्रायपॉड आणि दिवा घेऊन सहा महिने काढावेत, कॅमेऱ्याची जाहिरात बघू नये. टेली नसलेला फोन असेल आणि बाहुल्या एकास सहाच्या असतील, तर नव्या फोनपेक्षा जुनी बॉडी आणि ५० एमएम स्वस्त पडते. किट लेन्स विक्रेत्याला परत देऊन त्या बदल्यात काँटॅक्टवाली ट्यूब मागा. देतो का बघा. मला दिली नाही.