धार्मिक शाळेची बस: काउन्सिलने सर्वांना द्यावी की कायद्यापुरतीच?

इंग्लंडमध्ये सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॅथलिक, ज्यू, मुस्लिम, हिंदू शाळा आहेत. तिथवर जायचा खर्च कोणी उचलायचा, यावर काउन्सिलपुढे (म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनापुढे) दोन वाटा असतात.

पहिली म्हणजे कायद्यापुरतं देणं. जवळच्या योग्य शाळेचं अंतर आठ वर्षांखालच्या मुलाला 2 मैलांहून, त्यापुढे 3 मैलांहून जास्त असेल, तर प्रवास मोफत. धर्मासाठी वेगळी सवलत फक्त 11 ते 16 वयाच्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना: श्रद्धेमुळे निवडलेली सर्वांत जवळची शाळा 2 ते 15 मैलांत हवी. म्हणजे प्राथमिकचं गरीब मूल यातून वगळलंच जातं, आणि उत्पन्नाची मर्यादा जेमतेम ओलांडणाऱ्या घरालाही काही मिळत नाही.

दुसरी वाट ऐच्छिक मदतीची, म्हणजे कायद्याची सक्ती नसताना स्वखुशीने देण्याची. पूर्वी अनेक काउन्सिल ती देत. निधी आटला तशी बऱ्याच ठिकाणी बंद झाली. करदात्यांचा आक्षेप मला पटतो: शेजारच्या मुलाला लांबची शाळा आवडली, तर त्याला कोण पास देतं?

लंडनमध्ये हा वाद फारसा जाणवत नाही, कारण तिथे 16 वर्षांखालच्या मुलांना बस मोफतच आहे. तिथल्या हॅरो भागातल्या कृष्ण अवंती या हिंदू शाळेत मूल घालणाऱ्या मराठी घराला बसभाड्याची चिंता नाही. खेड्यांकडच्या परगण्यांत मात्र सार्वजनिक बस क्वचितच, म्हणून तिथे मी ऐच्छिक मदतीच्या बाजूने आहे, पालकांकडून वाजवी भाडं घेऊन का होईना. आणि बंदच करायची तर नव्या प्रवेशांपासून करा. दहावीच्या वयाच्या मुलाचा पास मध्येच काढून घेणं अन्यायाचं आहे.