पॅडला निळा रंग लागला नाही, तिथंच ओळखायला हवं होतं

सिरॅमिक कोटिंगच्या (गाडीच्या रंगावर लावायच्या टणक, पारदर्शक थराच्या) नावाखाली माझे ३८,०४० रुपये गेले. बोनेट आणि डावं मडगार्ड पुन्हा रंगवायचे ९,५०० वेगळे. एकूण ४७,५४०.

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, गडद निळी. २०१९ साली पत्र्यापर्यंत खरवडून टू-के पीयूमध्ये (हार्डनर मिसळून लावायच्या पक्क्या पॉलियुरेथेन रंगात) रंगवलेली. सॉलिड कलर आहे, वर क्लिअर (पारदर्शक लाखेचा थर) नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण सगळी लबाडी या 'क्लिअर नाही'पाशीच उघडी पडते.

हिशेब असा. कामाचे २८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून ५,०४०. पैकी १५,००० यूपीआयने ॲडव्हान्स आणि १८,०४० रोख, कारण त्या दिवशी म्हणे "लिमिट संपलंय, कॅश द्या". वर पाच वर्षांची वॉरंटी चालू राहावी म्हणून दोन मेंटेनन्स व्हिजिटचे ५,००० आधीच घेतले. हातात आलं ते एक काळं चकचकीत कार्ड आणि साध्या कागदावरचं एस्टिमेट. जीएसटी घेतला, पण कागदावर जीएसटी नंबरच नाही. नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव येतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं आणि मी ते केलं नाही.

काळा डबा, 'नाइन-एच', तीन लेअर, पाच वर्षं, ही टेप सगळ्यांनी ऐकलेली आहे. मीही ऐकली होती. नाइन-एच ही पेन्सिलीच्या कडकपणाची चाचणी असते, त्याचा दगडाशी किंवा वाळूशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक होतं. कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, खालचा रंग शंभराच्या वर, हेही ठाऊक होतं. तरी गेलो. ओळखीच्या दोन जुन्या गाड्या तिथं झालेल्या होत्या आणि दोन्ही आरशासारख्या दिसत होत्या. कुणीही गेला असता. आता कळतंय की त्या गाड्या मी काम झाल्यावर आठवड्याभरात पाहिल्या होत्या. चार धुलाईनंतर पाहिल्या असत्या तर पाऊल टाकलं नसतं.

आता तो क्षण.

सुरुवातीला त्यांनी बोनेटचा अर्धा भाग माझ्यासमोर केला. लोकरी पॅड, जाड कंपाऊंड, मशीन फुल स्पीडवर. पॅड निळं झालं. तसंच व्हायला हवं. क्लिअर नसलेल्या सॉलिड रंगावर खरं बफिंग केलं की रंगाचा वरचा मेलेला थर निघतो आणि पॅडला गाडीचाच रंग लागतो. क्लिअर असलेल्या गाडीवर मात्र पांढरं निघतं. मग पोरगा टपावर आणि दारांवर गेला. स्पंजचं पॅड लावलं, मशीन फिरलं, चकाकी आली. पॅड उलटं करून ठेवलं तेव्हा ते पांढरं होतं. कुठंही निळा डाग नाही. मी विचारलं. तो म्हणाला, "साहेब, हे फिनिशिंगचं पॅड आहे, याला कलर येत नाही."

येतो. मऊ पॅडला कमी येतो, पण येतो. हे मला माहीत असून मी मान डोलावली. तो पॉलिश करतच नव्हता, ओरखड्यांत भरणारं तेलकट ग्लेझ फासत होता. तिथं मशीन बंद करायला लावलं असतं तर ॲडव्हान्सवर सुटलो असतो. रोज आठवतं आणि रोज चीड येते.

पुढंही खुणा होत्याच. डबा आधीच फोडलेला, ३० मिलीच्या बाटलीला सील नाही. तीन लेअर म्हणत होते. पद्मिनीएवढ्या गाडीला एका लेअरलाच बाटलीतलं बरंचसं लागतं, मग तीन लेअर एका बाटलीत कसे बसतील? खऱ्या कोटिंगला सॉल्व्हंटचा उग्र वास येतो, याला केळ्याच्या एसेन्ससारखा गोड वास होता. दोन फूट बाय दोन फुटांच्या तुकड्यात आधी आडवं, मग उभं लावायचं, मिनिट-दोन मिनिटांत थरावर इंद्रधनुषी झाक आली की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून सपाट करायचं, अशी पद्धत आहे. यानं अख्खी गाडी ४० मिनिटांत उरकली, तीही एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली, रस्त्याकडचं शटर उघडं ठेवून. सोलापूरच्या त्या उन्हात पत्रा हाताला चटका देतो. तापलेल्या पत्र्यावर कोटिंग पुसायच्या आतच वाळतं आणि पट्टे राहतात. एकही पट्टा राहिला नाही, कारण कोटिंग नव्हतंच.

सगळ्यात ठळक खूण फडक्याची. कोटिंग पुसलेलं फडकं काही तासांत कडक होतं. ते धुऊन परत वापरत नाहीत, फेकून देतात, नाहीतर त्यातले खडे पुढच्या गाडीला ओरखडे पाडतात. त्याने फडकं घडी घालून खिशात कोंबलं. एक शेडमध्ये पडलेलं होतं, ते मी काच पुसायला म्हणून उचलून आणलं. आजही मऊ आहे. पिशवीत बांधून ठेवलंय.

चौथ्या धुलाईला रंगावर पाण्याचे गोल थेंब बसायचे बंद झाले. थेंब बसतात म्हणजे कोटिंग आहे असं नसतं, साध्या मेणावरही बसतात. मग डिकीच्या कोपऱ्यात, जिथं दिसणार नाही अशा जागी, ग्लेझ उतरवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसलं आणि टॉर्च तिरका धरला. सगळे गोल ओरखडे जसेच्या तसे. (ही परीक्षा पक्क्या पीयू रंगावरच करा. जुन्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाला अल्कोहोल झेपत नाही, रंग मऊ पडतो.) बोनेटच्या पुढच्या काठावर आणि डाव्या मडगार्डच्या धारेवर ग्लेझ उतरल्यावर करडा प्रायमर दिसला. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून बफिंगच्या आधी तिथं मास्किंग टेप लावतात. यांनी लावली नाही. रंग जाळला आणि वरून टच-अप फिरवला.

दुकानात गेलो तर म्हणे, "तुम्ही बोअरच्या पाण्याने धुतली, वॉरंटी बाद." आमच्याकडे तेव्हा चार-पाच दिवसांआड नळ यायचा. गाडी बोअरनेच धुतली जाणार, हे पैसे घेताना माहीत नव्हतं? बोअरच्या क्षारांचे पांढरे डाग कोटिंगवर बसतात हे खरं आहे. पण त्याखाली कोटिंग असावं लागतं.

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "गाडी परत मिळाली ना? मग चोरी कुठं झाली?" चोरी नाही, फसवणूक म्हणतोय, न्याय संहितेचं कलम ३१८, असं सांगितल्यावर, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पण पोच द्यायला तासभर बसवलं आणि शेवटी शिक्क्याशिवाय सही दिली. कर खात्याच्या कार्यालयात गेलो की जीएसटीच्या नावाने ५,०४० घेतले आणि बिल दिलं नाही. खिडकीवरचं उत्तर: "बिलाची प्रत जोडा." अहो, बिल दिलं नाही हीच तक्रार आहे! चार वेळा तेच वाक्य. मग कुणीतरी म्हणालं तज्ज्ञाचा दाखला आणा. दोन वर्कशॉपमध्ये गेलो. एक म्हणे जुन्या गाडीचं लिहून देत नाही, दुसरा म्हणे त्या दुकानाशी आमचे संबंध आहेत. माणसाने रजा टाकून किती दिवस फिरायचं? पंधराशे रुपये तर रिक्षा आणि झेरॉक्समध्ये गेले, ते वर धरलेलेही नाहीत.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. आधी इथंच जायला हवं होतं. १९१५ या हेल्पलाइनवरही नोंद करता येते.

जुन्या गाडीला कोटिंग करायचंच असेल तर आधी रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारा गेज घ्या, काही हजारांत मिळतो. प्रत्येक पॅनेलचे पाच आकडे लिहून त्याखाली दुकानदाराची सही घ्या. आकडा पाचशे-सहाशेच्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) आहे, ८०-९० पर्यंत खाली आला तर मशीन लावूच देऊ नका. बाटलीचं सील समोर फोडायला लावा. "कोटिंग केलं की गंज येत नाही" म्हणणाऱ्याच्या दारात थांबू नका. पद्मिनी सडते ती आतून, मडगार्डच्या तळाशी, कार्पेटखाली, दाराच्या पाणी निथळायच्या भोकांपाशी. कोटिंग तिथं पोचतच नाही.

आणि ज्यांनी खरं कोटिंग करून घेतलंय त्यांनी सकाळी उठून कोरडं फडकं मारणं आधी बंद करा. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळू आहे. डिझेल किंवा रॉकेलचा हात तर कधीच नाही. आधी नुसतं पाणी सोडा, मग दोन बादल्या, एकीत न्यूट्रल शाम्पू, दुसरीत हातमोजा खळाळायला साधं पाणी. सावलीत धुवा आणि थेंब वाळायच्या आत जाड टॉवेलने टिपा. क्षाराचे डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर समभाग पाण्यात, दोन मिनिटं, मग भरपूर पाणी. क्रोमवर ते राहू देऊ नका. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने कव्हर हललं की रात्रभर घासकाम चालतं.

सोलापुरात ज्यांच्याकडे असंच काळं कार्ड आहे, त्यांनी ते फेकू नका. एस्टिमेट, यूपीआयचा स्क्रीनशॉट, तारखेसह फोटो काढून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३५ प्रमाणे एकाच दुकानाकडून फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. माझी टाकलेली आहे, फडकंही जपून ठेवलंय.