परदेशात एटीएम मशीनने कार्ड गिळलं: परत मागावं की बंद करावं?

आमच्या गुहागरच्या वाडीत कुणी बोटीवर, कुणी आखातात. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत येतोच. गेल्या खेपेला धाकट्या दिरांचा रॉटरडॅमहून फोन आला: "वहिनी, मशीनने कार्ड आत घेतलं, पावतीपण नाही आली. सकाळी बोट सुटतेय."

मी आधी एवढंच विचारलं, "भावजी, मशीन बँकेच्या शाखेत आहे की बाहेर कुठे?"

पेट्रोलपंपावर होतं. म्हणजे परत मिळायची आशा जवळजवळ सोडायचीच. अशा मशीनमध्ये अडकलेलं परक्या बँकेचं कार्ड बरेचदा नष्ट करतात, आणि कार्ड मुळात आपलं नसतं, ते देणाऱ्या बँकेचं असतं. शिवाय सकाळी बोट निघणार, मग थांबणार कोण?

माझ्या भाच्याचं मस्कतला उलट झालं. मशीन शाखेतलंच होतं, मुक्कामही तिथलाच. सकाळी पासपोर्ट घेऊन काउंटरवर गेला, कार्ड मिळालं. पण हे त्या बँकेच्या मर्जीवर असतं, हक्काने मागता येत नाही. म्हणून माझा हिशेब असा: शाखेचं मशीन आणि हाताशी दोन दिवस, दोन्ही असतील तरच मागायला जा. नाहीतर कार्ड कायमचं बंद करा.

मशीनचं तोंड सैल वाटलं, किंवा शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस "पिन पुन्हा टाकून बघा" म्हणाला, तर मात्र क्षणभरही थांबू नका, कार्ड कायमचं बंद करा. कार्ड अडकवायची पट्टी आत बसवून पिन बघायचा, ही जुनी चोरी आहे.

मधली वाट बऱ्याच जणांना माहीत नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे कार्डाचे व्यवहार आपले आपण चालू-बंद करता येतात. मशीनसमोरून हलायच्या आधी बँकेच्या अॅपमधून ते व्यवहार बंद करा. कार्ड परत मिळालं तर पुन्हा चालू करता येतं; कायमचं ब्लॉक केलेलं मात्र गेलंच. पण बटण बंद करणं म्हणजे बँकेला कळवणं नव्हे. बँकेला फोन करून तक्रारीचा क्रमांक घ्या, पुढे पैसे गेले तर तोच कामाला येतो. १८०० चे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत, +९१ चा नंबर आधीच लिहून न्या. ओटीपीसाठी इथल्या सिमचं रोमिंगही चालू हवं.

कार्ड बंद करण्यातली खरी अडचण पुढे येते. नवं कार्ड बहुतेक वेळा खात्यावरच्या पत्त्यावर, म्हणजे इकडे घरी येतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड परदेशात तातडीचं कार्ड देऊ शकतात, पण आपल्या बँकेने होकार दिला तरच. खर्च आधी विचारा. घरच्यांनी इकडून पैसे पाठवायचे तर ते सहसा बँकेतून. बाजारातली मनी ट्रान्सफरची काउंटरं मुख्यतः परदेशातून भारतात येणाऱ्या पैशांसाठी असतात, इथून बाहेर पाठवायला सहसा चालत नाहीत. म्हणून मी दुसरं कार्ड वेगळ्या बँकेचं आणि वेगळ्या खिशात ठेवायला सांगते. भावजींकडे ते नव्हतं, कॅप्टनकडून पगारातली उचल घेऊन त्यांनी भागवलं.

त्यांचं नवं कार्ड कालच आलं. पिन त्यांनीच ठरवायचा आहे, म्हणून पाकीट फोडलेलं नाही.