दोन पावसाळे वापरलेला दोन तुकड्यांचा रेनकोट

वडोदऱ्यात दांडिया बाजारातून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत रोज आठेक किलोमीटर स्कूटर चालवणाऱ्या व्यक्तीला रेनकोट कसा दिसतो याच्याशी फारसे कर्तव्य नसते. कार्यालयात पोहोचल्यावर एसीच्या झोताखाली ओल्या कुर्त्यात बसावे लागू नये, एवढीच तिची अपेक्षा असते. ही अपेक्षा साधी वाटली तरी ती पुरी करणारा रेनकोट सापडायला मला चार खरेद्या कराव्या लागल्या. त्यांतला शेवटचा, म्हणजे जाकीट आणि पँट अशा दोन तुकड्यांचा नायलॉनचा संच, मी गेले दोन पावसाळे वापरला आहे. त्याच्याविषयी आता खात्रीने काही लिहिता येईल असे वाटल्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

या संचाची किंमत 1,450 रुपये पडली. वडोदऱ्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात मंगळ बाजारात दोऱ्यांवर टांगलेले रेनकोट यापेक्षा बरेच स्वस्त मिळतात आणि मीही तिथूनच सुरुवात केली होती. तिसरा रेनकोट मात्र एका चांगल्या दुकानातून, शिलाईवर आतून पट्टी आहे असे विक्रेत्याने तीनदा सांगितल्यावर घेतला होता. पहिल्याच जोराच्या सरीत दोन्ही खांदे भिजले. घरी येऊन कोट उलटा केला, तेव्हा पट्टी फक्त पाठीच्या मधल्या शिलाईवर असून खांद्यांवर नुसता दोरा आहे, असे आढळले. दुकानदाराकडे परत गेले, तर ‘बेन, वापरलेला माल आम्ही परत घेत नाही’ असे अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले. पावसात न नेता रेनकोट गळतो की नाही हे कसे कळावे, या माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

त्या दिवसापासून दुकानात मी आधी रेनकोट उलटा करते. कापड बहुधा गळत नाही, गळते ती शिलाई, कारण सुईचे प्रत्येक भोक हे पाण्याला दिलेले आमंत्रणच असते. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, तेव्हा त्या कापडाच्या कोटांचीही हीच रड होती: कापड पक्के, पण शिंप्याची सुई फिरली की शिवणीतून पाणी आत. दोनशे वर्षांनंतरही खांदा, काख, टोपीचा जोड आणि पँटीची मधली शिवण या चार जागा पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत असे माझे ठाम मत झाले आहे. शिवणीवर गरम दाबाने चिकटवलेली पारदर्शक पट्टी नखाने उचलून पाहावी, ती सहज सुटत असेल तर तो कोट ऑगस्टपर्यंत टिकत नाही.

लेबलावरचा 5,000 मिलिमीटर असा आकडा पाहून पुष्कळांना तो पावसाच्या मोजमापाचा वाटतो. तो पाण्याच्या स्तंभाच्या उंचीचा असतो. कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेल्यावर किती उंचीच्या पाण्याला ते थेंब गळू देते, याची ती मोजणी होय. माझ्या संचावर हा आकडा 5,000 आहे आणि दुचाकीला तो पुरतो, असा माझा अनुभव आहे. मात्र तो आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नव्हे, आणि ही गोष्ट लेबल सांगत नाही.

आता या संचाचा खरा गुण सांगते. जाकिटाच्या पाठीवर खांद्यांच्या खाली आडवी झडप आहे आणि तिच्या आत जाळी आहे, दोन्ही काखांतही तशाच लहान जाळ्या आहेत. दुकानात ही सोय मला नुसती शोभेची वाटली होती. जुलैतल्या वडोदऱ्याच्या हवेत मात्र पाऊस जेवढा बाहेरून भिजवतो, जवळजवळ तेवढाच घाम आतून भिजवतो, आणि कार्यालयात पोहोचल्यावर ‘कोट गळला’ असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा तो गळलेला नसतोच. ही शंका फेडण्यासाठी मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक प्रयोग केला. पाऊस नसलेल्या पण ढगाळ सकाळी जुना, जाळी नसलेला कोट घालून गेले आणि सुती कुर्त्याचे निघण्यापूर्वीचे व पोहोचल्यानंतरचे वजन ताडून पाहिले. काटा त्यासाठी डब्यासारखा पिशवीत घालून सोबत नेला होता, त्यावर सहकाऱ्यांनी यथेच्छ करमणूक करून घेतली. थेंबही पडला नसताना कुर्ता सव्वीस ग्रॅमने जड झाला होता. नव्या कोटात, चांगल्या पावसात, तोच कुर्ता चौदा ग्रॅमने वाढला. एका बाईच्या दोन सकाळींवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे, पण माझ्यापुरता निकाल लागला.

याच कारणाने घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या महागड्या कापडाच्या नादी मी लागले नाही. यजमानांनी तसे एक जाकीट डोंगरात फिरण्यासाठी घेतले आहे आणि थंड हवेत ते उत्तम चालते. पण अशा कापडातून वाफ बाहेर पडते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतील बाष्पाच्या फरकामुळे. बाहेरची हवाच दमट आणि उबदार असली की हा फरक उरत नाही, मग पाच-सहा हजारांचे जाकीटही बाराशेच्या जाकिटासारखे अंगाला चिकटते. आपल्याकडे वाऱ्याला वाट देणारी जाळी आणि एक माप मोठा घेतलेला सैल कोट ही अधिक भरवशाची तरतूद आहे. मला मध्यम माप लागते, मी मोठे घेतले.

उणिवाही आहेत. पुढच्या झिपवर झाकणपट्टी आहे, पण ती वेलक्रोच्या चारच तुकड्यांवर टेकते. लालबागच्या पुलावर समोरून वारा आला की तुकड्यांच्या मधल्या जागेतून पाणी सरळ झिपवर येते आणि छातीवर एक ओली रेघ उमटते. मी तिथे घरीच तीन टिचबटणे बसवून घेतली, आता रेघ येत नाही. टोपीविषयी मतभेद होऊ शकतो. हेल्मेटवरून टोपी ओढली तर मान वळवताना ती डोळ्यांवर येते आणि मागची गाडी दिसत नाही, म्हणून मी टोपी आधी घालून वरून हेल्मेट घालते. त्यामुळे मानेतून पाणी उतरत नाही, मात्र टोपी पातळ असली तरच हेल्मेट नीट बसते. या कोटाची टोपी पातळ असून ती काढताही येते. कोटाचा रंग राखाडी आहे, तो मुसळधार पावसात ट्रकवाल्याला दिसणार नाही असा. पाठीवर चमकणारी पट्टी आहे ती अगदीच अरुंद. पिवळ्या रंगात माझे माप नव्हते, याची रुखरुख अजून आहे.

पँट ही दुचाकीवाल्यांच्या रेनकोटाची कसोटी. बसताना सीटवर साचलेले पाणी आपल्या वजनाखाली दाबले जाते आणि जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथून ते आत शिरते. मग त्याचा डाग नेमका अशा ठिकाणी पडतो की दिवसभर खुर्चीवरून उठण्याची चोरी. या पँटीला त्या जागी आतून जास्तीचा तुकडा लावला आहे, पहिल्या पावसाळ्यात तिथे एकदाही ओल आली नाही, दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी किंचित आली. पायाकडची झिप गुडघ्यापर्यंत उघडते, त्यामुळे चप्पल न काढता पँट चढवता येते. न्यायमंदिरासमोर अचानक सर आल्यावर एका पायावर नाचणाऱ्यांना ही सोय किती मोठी आहे हे सांगायला नको. साडीवर मात्र हा संच चालत नाही. त्या दिवशी मी रिक्षा करते.

पोंचो, म्हणजे अंगावरून टाकायचे मोठे घोंगडे, मी एकदाच वापरले. पायी चालणाऱ्याला ते इरल्यासारखे सुखाचे आहे, हवा खेळती राहते. स्कूटरवर ते वाऱ्याने फुगते आणि त्याचे टोक चाकाकडे जाते, तेव्हा तो विचार सोडावा.

छत्रीचा पक्ष आमच्या सासूबाई लढवतात. संध्याकाळी सूरसागर तलावापर्यंत चालत जायचे तर लाकडी मुठीची लांब छत्रीच हवी, असा त्यांचा आग्रह असतो, आणि या एका बाबतीत त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. बर्लिनच्या हान्स हाउप्ट यांनी 1928 मध्ये पर्समध्ये मावेल अशा घडीच्या छत्रीचे पेटंट घेतले, ही सोय मोठीच. पण घड्या जितक्या जास्त तितके काड्यांचे सांधे जास्त, आणि वाऱ्यात छत्री मोडते ती सांध्यात. मी तीन घड्यांच्या चार छत्र्या मोडल्या, सासूबाईंची एकच लांब छत्री, काड्या फायबरच्या, अजून ताठ आहे. घडीची घ्यायचीच तर दोन घड्यांची आणि फायबरच्या काड्यांची घ्यावी, पोलादी काडी एकदा वाकली की ती सरळ होत नाही.

पायांच्या बाबतीत मी पायांना कोरडे ठेवण्याचा प्रयत्न सोडून दिला आहे. बुटांवर चढवायची प्लास्टिकची खोळ दोन आठवड्यांत तळाशी फाटली. गमबूट घातले तर अलकापुरीच्या गरनाळ्यासारख्या, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यासारख्या, ठिकाणी पाणी वरून शिरते आणि मग प्रत्येक पायात एकेक तांब्या पाणी घेऊन चालावे लागते. त्यापेक्षा प्लास्टिकचे सँडल घालून पाय भिजू द्यावेत, डिकीत टॉवेल आणि कोरडी चप्पल ठेवावी. 31 जुलै 2019 च्या पावसात, किंवा ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा, कोणता रेनकोट चांगला हा प्रश्नच उरला नव्हता. नदीबरोबर मगरीही वस्तीत येतात त्या दिवशी घरी थांबावे.

निगेविषयी थोडे. कोटाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो आणि त्याचा शत्रू पाऊस नसून ओल्या घडीतली ऊब आहे. डिकीत ओला कोंबून ठेवलेला माझा दुसरा कोट पुढच्या जूनमध्ये काढला तेव्हा आतला थर चिकट होऊन पापुद्र्यासारखा सुटत होता. हा संच मी रोज उलटा करून सावलीत, गॅलरीतल्या दोरीवर टांगते, मशीनमध्ये घालत नाही, इस्त्री तर मुळीच नाही. चिखल साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने निघतो. दिवाळीनंतर घडी न घालता हँगरवर लावून कपाटात ठेवते.

दोन पावसाळ्यांनंतर जाकीट जवळजवळ नव्यासारखे आहे, पँटीच्या डाव्या पायाच्या झिपचे दात मात्र वरच्या टोकाला धरत नाहीत. मंगळ बाजारातल्या झिपवाल्याने चाळीस रुपये सांगितले आहेत. नुसती पँट वेगळी विकत मिळत नाही, ही या संचाबद्दलची माझी मुख्य तक्रार आहे, कारण जाकिटाच्या आधी पँट झिजणार हे कोणत्याही दुचाकीस्वाराला ठाऊक असते.