रूळ, खडी, गवत आणि घरं: मॉडेल रेल्वेच्या देखाव्याच्या सामानाची पारख

घर जमिनीवर आणून ठेवल्यासारखं दिसलं की लेआउट, म्हणजे छोट्या रेल्वेची देखाव्यासह केलेली मांडणी, खेळणं वाटतो. तेच घर जमिनीतून वर आल्यासारखं दिसलं की गाव वाटतो. भिंतीच्या पायथ्याशी राहिलेली अर्ध्या मिलिमीटरची फट १:८७ च्या (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या) एचओ मापात जवळजवळ साडेचार सेंटिमीटरची होते, साप सहज आत शिरेल एवढी. डोळा नेमका तिथेच अडतो. म्हणून या सामानाची पारख करताना एकच कसोटी लावली आहे: दोन वस्तू जिथे भेटतात, रूळ आणि खडी, गवत आणि वाट, पाणी आणि काठ, भिंत आणि माती, तिथे हे सामान कसं वागतं?

जमिनीच्या पायासाठी एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीन) फोमच्या लाद्या आणि त्यावर प्लास्टर लावलेलं जाळीदार कापड, ही जोडी अजून तरी सगळ्यात भरवशाची आहे. फोमवर पातळ प्लास्टिकची फिल्म असेल तर चिकटवण्याआधी ती सोलून काढा, नाहीतर लाद्या काही दिवसांनी सुटतात. सॉल्व्हंट असलेला गोंद फोम खातो, त्यामुळे पांढरा पीव्हीए गोंद किंवा फोमसाठी चालतो असं लिहिलेलाच गोंद वापरा. दोन लाद्यांच्या मधोमध हवा पोचत नसल्याने तिथला पीव्हीए सुकायला कित्येक दिवस लागतात. गोंद पट्ट्यापट्ट्यांनी लावून वर वजन ठेवणं आणि वाट बघणं, याला पर्याय नाही.

प्लास्टर कापड घेताना रोलवरच्या क्षेत्रफळाला भुलू नका. वुडलँड सीनिक्सचा नेहमीचा रोल सुमारे २० सेंटिमीटर रुंद आणि साडेचार मीटर लांब असतो, म्हणजे साधारण ०.९ चौरस मीटर. पण तुकडे निम्मेनिम्मे एकमेकांवर चढवावे लागतात, तेव्हा हिशोब निम्माच धरा. कोरडं असतानाच १५-२० सेंटिमीटरचे तुकडे कापा, दोन टोकं धरून पाण्यातून क्षणभर ओढा, पिळू नका. प्लास्टरचा थर जास्त असलेली खडबडीत बाजू वर ठेवा आणि ओल्या बोटांनी घासत जाळीची भोकं बुजवा. हे घासणं टाळलं की रंगाखालूनही जाळी दिसत राहते. खाली चुरगळलेल्या कागदाचे गोळे दिले नाहीत तर उतार मध्येच झोल खातो. पूर्ण वाळायला एक दिवस द्या. वरच्या थराच्या प्लास्टरमध्ये मातकट रंग आधीच मिसळलात तर पुढे कुठे टवका उडाला तरी पांढरं हाड दिसणार नाही.

आता खडी. इथे बाजारातलं माप फसवतं. खऱ्या लोहमार्गावरचा दगड ढोबळमानाने २० ते ६५ मिलिमीटरचा असतो. एचओमध्ये तो पाव ते पाऊण मिलिमीटर झाला पाहिजे. 'मध्यम' म्हणून विकली जाणारी खडी बहुतेक वेळा याहून मोठी भरते आणि रूळ दगडांच्या ढिगात रुतल्यासारखे दिसतात. एचओसाठी 'बारीक' घ्या, १:१६० च्या एन मापासाठी मिळेल ती सगळ्यात बारीक. दुसरा प्रश्न खडी कशाची आहे हा. अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्याची खडी हलकी असते. गोंद टाकताना ती तरंगते, थेंबासोबत सरकते आणि नीट बसवलेली कड मोडते. खऱ्या दगडाची खडी जड असल्याने जागची हलत नाही, आणि रंगही खनिजाचाच असल्याने खराखुरा वाटतो. माझा कौल दगडाला. फक्त पाकिटावरून एकदा चुंबक फिरवून बघा. कण चिकटले तर ती खडी परत करा, कारण लोहयुक्त कण इंजिनाच्या मोटरकडे ओढले जातात.

खडी टाकण्यापूर्वी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा आणि रुळाचा माथा लगेच पुसा. मग एका वेळी अर्धा-एक मीटरच घ्या. छोट्या कपाने खडी ओता आणि १२ मिलिमीटरच्या मऊ चपट्या ब्रशने मधून बाहेर सारा. ब्रशच्या दांड्याने रुळावर टकटक केलं की स्लीपरवर बसलेले कण खाली पडतात. रुळाच्या आतल्या बाजूला एकही कण चिकटलेला नको, चाकाची कड त्यावर आपटते. सगळं मनासारखं दिसल्यावरच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा द्या, किंवा भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब घातलेल्या पाण्याचा. फवारा थेट खडीवर न मारता थोडा वर हवेत मारा, म्हणजे धुकं खाली उतरतं. त्यानंतर एक भाग पीव्हीए, तीन भाग पाणी, ड्रॉपरने स्लीपरच्या मधल्या जागेत. खडीच्या फटींतून दुधाळ रंग दिसू लागला की थांबा. २४ तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी वरची पापडी निघून खाली कोरडी भुकटी सापडली, तर दोष गोंदाचा नाही, ओलं करणं कमी पडलं. सांध्यांपाशी, म्हणजे गाडी जिथे रूळ बदलते तिथे, जास्त सावध राहा: हलत्या पट्ट्यांच्या मध्ये खडी घालूच नका, तिथे खडीच्या रंगाचा हात पुरतो. गोंद वाळत असताना दर अर्ध्या तासाने सांधा इकडून तिकडे हलवत राहा. आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: पीव्हीए दगडासारखा कडक होतो, त्यामुळे खडी बसवल्यावर गाडीचा आवाज वाढतो. रुळाखालच्या कॉर्कने शोषलेला आवाज या कडक थरातून सरळ लाकडी पाटापर्यंत पोचतो. अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियम (चित्रकार वापरतात ते बिनचमकीचं द्रव) तुलनेने लवचीक राहतं आणि चमकतही नाही. बाटलीत तयार मिळणारे पातळ सीनरी गोंद सोयीचे आहेत खरे, पण मोठ्या लेआउटला ते पाण्यासारखे संपतात. पुढच्या, नजरेत येणाऱ्या भागाला मॅट मीडियम आणि मागे घरी पातळ केलेला पीव्हीए, ही वाटणी पटते.

सगळ्या सामानात एकाच वस्तूवर हात सैल सोडायचा असेल तर तो गवत उभं करणाऱ्या यंत्रावर. भुसा रंगवून पसरलेलं गवत कितीही बारीक असलं तरी गालिचाच वाटतं. स्टॅटिक गवताचे धागे उभे राहतात, आणि त्यांच्या बुडाशी पडणारी सावली हाच त्यांचा जीव. यंत्राची चाळणी एका ध्रुवाला, ओल्या गोंदात खोचलेली टाचणी दुसऱ्या ध्रुवाला. मधल्या विद्युत क्षेत्रात नायलॉनचे धागे सरळ होतात आणि गोंदात जाऊन रुततात. नॉखचं ग्रासमास्टर आणि वुडलँड सीनिक्सचं स्टॅटिक किंग ही दोन नावं या कामात रुळलेली आहेत. डास मारायच्या रॅकेटचं सर्किट चाळणीला जोडून केलेली घरगुती यंत्रं २ मिलिमीटरचं गवत बऱ्यापैकी उभं करतात, पण ६ मिलिमीटरला थकतात आणि १२ मिलिमीटरला हात टेकतात. लांब, जड धाग्यासाठी दहा हजार व्होल्टच्या पुढचं यंत्र हवं.

धाग्याची लांबी मापाप्रमाणे निवडा. एचओमध्ये २ मिलिमीटर म्हणजे घोट्यावर येणारं, १७ सेंटिमीटरचं गवत. ६ मिलिमीटर म्हणजे गुडघाभर. १२ मिलिमीटर म्हणजे माणसाच्या कमरेच्या वर, ओढ्याकाठच्या लव्हाळ्यालाच शोभेल असं. एन मापात २ मिलिमीटरसुद्धा ३२ सेंटिमीटर होतात, तिथे याहून लांब धागा फार जपून वापरावा.

जमीन आधी मातीच्या रंगाने रंगवलेली हवी. तळहाताएवढ्या जागेवर पीव्हीएचा सारखा थर द्या, टाचणी त्याच ओल्या डागात खोचा, चाळणी निम्मी भरा आणि जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून हलकेच हलवा. आठ-दहा सेकंद पुरे. उरलेले धागे व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला पातळ मोजा बांधून ओढून घ्या, ते पुन्हा वापरता येतात. गवत आडवं पडलं तर कारणं तीनच असतात: गोंदावर साय धरली, टाचणी कोरड्या जागी लागली, किंवा बॅटरी उतरली. धाग्यांचे गोळे पडत असतील तर त्यांना दमट हवा लागली आहे. पाकीट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवा.

एकाच हिरव्या रंगाचं पाकीट सरळ ओतणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. दोन भाग वाळक्या गवताचा पिवळट रंग आणि एक भाग हिरवा चाळणीतच मिसळा, मग ठिकठिकाणी स्प्रे गोंद मारून ४ मिलिमीटरचा दुसरा थर द्या. त्याआधी रूळ टेपने झाका. गवताची कड मात्र कधीही रेषेत संपू देऊ नका. वाटेच्या बाजूला चाळलेली माती भुरभुरवा, खडीच्या खांद्यावर चार-दोन झुपके चढू द्या.

यंत्र बंद केल्यावर टाचणीची क्लिप चाळणीला टेकवून उरलेला विद्युत भार उतरवा. पेसमेकर असलेल्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावं. डिकोडर (डिजिटल आज्ञा समजणारं छोटं सर्किट) बसवलेली इंजिनं आधीच लेआउटवरून उचलून ठेवा, या विद्युत भाराने तो बिघडू शकतो. शिवाय उडालेले धागे इंजिनाच्या दातेरी चाकांत अडकतात, आणि ते काढणं मोठं जिकिरीचं.

झाडांबद्दल थोडक्यात. १५ मीटरचं साधं झाड एचओमध्ये १७ सेंटिमीटर उंच हवं. तयार मिळणारी बहुतेक झाडं त्याच्या निम्मी असतात. बाटली घासायच्या ब्रशसारखी दिसणारी झाडं मागच्या रांगेपुरतीच ठेवा. पुढे दोन-तीनच चांगली झाडं लावा, खोडाचा चमकता प्लास्टिक रंग मॅट करड्या-तपकिरी रंगाने मारा, खालची चकती कापून तार खोचा आणि बुंध्याभोवती माती चढवा.

पाण्यासाठी दोन प्रकार मिळतात. एकाच बाटलीतलं, पाण्याच्या आधारावरचं द्रव वापरायला सोपं, पण वाळताना आक्रसतं आणि काठावर चढतं, त्यामुळे ओढ्याच्या कडेला चमकदार ओली किनार उरते. तिच्यावर मॅट वार्निश आणि थोडी माती टाकून ती लपवता येते. एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त थर दिला तर आतला भाग दुधाळ राहतो. दोन भागांचं इपॉक्सी रेझिन आक्रसत नाही, खोल तळ्याला तेच बरं, पण मिश्रणाचं प्रमाण काटेकोर हवं, आणि टाचणीएवढ्या भोकातूनही ते रात्रीतून खाली गळतं. ओतण्याआधी तळाला रंगाचे आणि वार्निशचे दोन-तीन हात देऊन तो बंद करा. लाटा हव्या असतील तर वरून ग्लॉस मीडियमचा जाड हात ब्रशने टपटपवत द्या.

घरांच्या किटमध्ये कागदी पुठ्ठा, लेझरने कापलेलं लाकूड आणि प्लास्टिक असे तीन मार्ग आहेत. मेटकाफच्या पुठ्ठ्याच्या किटमधल्या विटा छापील असूनही सुरेख दिसतात, पण त्यांतली एचओच्या जवळची किट १:७६ च्या ओओ मापाची असतात. दोन मीटरचं दार त्यात २६ मिलिमीटर होतं, एचओमध्ये ते २३ हवं. पुठ्ठ्याची कापलेली पांढरी कड जोडण्याआधीच रंगीत पेन्सिलने बुजवा. लाकडी किटला एकाच बाजूने रंग दिला की भिंत पापडासारखी वळते. दोन्ही बाजूंना हात द्या आणि वजनाखाली सुकवा. प्लास्टिकमध्ये फालर आणि वॉल्थर्सच्या कॉर्नरस्टोन मालिकेत निवड भरपूर आहे. मूळ प्लास्टिकचा रंग बरा असला तरी तो तसाच ठेवू नका, त्याची चमक खेळणं असल्याची साक्ष देते.

जोडणी करताना कोपरे गुण्यात धरून सॉल्व्हंट आतल्या बाजूने बारीक ब्रशने सोडा, ते आपोआप फटीत ओढलं जातं. दिवा लावायचा असेल तर भिंती आतून आधी काळ्या, मग पांढऱ्या रंगवा, नाहीतर अख्खं घर कंदिलासारखं उजळतं. १२ व्होल्टवर उबदार पांढऱ्या एलईडीला १ किलोओम रेझिस्टर दिला तर साधारण ९ मिलिअँपिअर वाहतात. घरातल्या दिव्याला हा उजेड प्रखर वाटतो, ४.७ किलोओम लावून बघा. विटांमधल्या फटींत पातळ केलेला मळकट पांढरा रंग भरून वरचा पुसून घ्या. जुनेपणासाठी अल्कोहोलमध्ये शाईचे काही थेंब घालून हात द्या, पण मॅट वार्निशच्या आधी. वार्निशवर अल्कोहोल पडलं की पांढुरकी साय येते.

फलाट आणि भिंती कायमच्या बसवण्याआधी सगळ्यात लांब डबा आणि सगळ्यात लांब इंजिन वळणावरून हळू ढकलत न्या. डब्याचं पोट वळणाच्या आत येतं, टोकं बाहेर जातात.

आणि ती पायथ्याची फट. घर कायमचं चिकटवलं तर दिवा बदलता येत नाही, नुसतं ठेवलं तर फट दिसते. त्यावर उपाय असा: घराच्या बुडाला स्वयंपाकघरात वापरतात ती पातळ पारदर्शक प्लास्टिकची फिल्म ताणून गुंडाळा. जागेवर कागदाचा लगदा मिसळलेल्या प्लास्टरचा, मातीचा रंग घातलेला ५ मिलिमीटरचा थर द्या आणि घर त्यात सपाट दाबून बसवा. भिंतीपाशी वर आलेला लगदा ओल्या ब्रशने खाली सारा. तासाभराने घर उचला, फिल्म सोला आणि साच्याची जागा पूर्ण वाळू द्या. आता घर पुन्हा त्याच खाचेत बसतं, हवं तेव्हा निघतं. कडेने चाळलेली माती, पागोळ्यांच्या रेषेखाली थोडी बारीक खडी आणि कोपऱ्यात गवताचे दोन झुपके लावा, मात्र ते जमिनीला चिकटवा, भिंतीला नाही.