बुधवारचा पास

राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद असते. हे मला सांगितलं लालबागच्या माझ्या ताईच्या सासूबाईंनी, आणि तेही आम्ही गेटवरून तोंडं पाडून परत आल्यावर. तोवर माझ्या खात्यातून 8,392 रुपये गेलेले होते. हे सगळं लिहायला लाज वाटते, म्हणूनच इतके दिवस लिहिलं नाही. पण परवा वाडीच्या ग्रुपवर पुन्हा तसलाच मेसेज आला.

गोष्ट 2021 ची. त्या वर्षी 22 जुलैला चिपळूणात पाणी शिरलं. बाजारपेठेतलं आमचं स्टेशनरीचं दुकान माळ्यापर्यंत बुडालं. वह्यांचा लगदा फावड्याने बाहेर काढला. वाचन मंदिरातली पुस्तकं जिथे वाचली नाहीत, तिथे माझ्या दोनशेपानी काय वाचणार! दोन्ही मुलं आमच्याबरोबर चिखल उपसत होती. त्यांना शब्द दिला होता की दिवाळीत आत्याकडे जाऊ आणि पेंग्विन बघू. करोनात बाग बंद झाली, मध्ये उघडली, परत बंद झाली आणि 1 नोव्हेंबरला पुन्हा उघडली. पोरांना आनंदाचं भरतं आलं.

दोन दिवसांनी ग्रुपवर मेसेज आला. ‘मर्यादित प्रवेश. 50 टक्के क्षमता. पासशिवाय आत सोडणार नाहीत. आजच स्लॉट बुक करा.’ खाली लिंक. पाठवणारा आमचाच चुलतभाऊ, मुंबईत राहणारा.

तुम्ही म्हणाल, शंका कशी आली नाही? खरं सांगू, त्या दिवसांत पास या शब्दाची शंका येणंच बंद झालं होतं. आदल्या वर्षी गणपतीला चाकरमानी आले ते ई-पास काढून, आणि आल्यावर दहा दिवस विलगीकरणात बसले. त्या पासासाठी एजंटला पैसे मोजलेली माणसं आमच्या आळीत आहेत. लोकलला दोन डोस आणि वर चौदा दिवस झाल्याचा पास. नाट्यगृहं उघडली तीही अर्ध्या खुर्च्यांवर. मग बागेला पास नसेल असं डोक्यात येणार कुठून? पास लागतो का, हे मी कुणालाच विचारलं नाही. मिळेल का, एवढीच धास्ती.

लिंक उघडली तर वर पालिकेचं बोधचिन्ह, मागे वाघाचा फोटो. रविवार ‘हाउसफुल्ल’, सोमवार-मंगळवार ‘हाउसफुल्ल’, बुधवार 10 तारखेच्या फक्त सहा जागा शिल्लक. मागे लाल आकड्यांत मिनिटं उलटी पळत होती. माणशी 250 रुपये, सेवा शुल्क 49. चौघांचे 1,049 भरले. पैसे कुठल्याशा एका बाईच्या नावावर गेले, ते नाव मी वाचलंसुद्धा. वाटलं, कंत्राटदार असेल. व्हॉट्सॲपवर पास आला. त्यावर ठळक अक्षरांत बागेचं अधिकृत नाव लिहिलं होतं: ‘विरमाता जिजाबाई भोसले उद्दान’. वीरमातेचा वी ऱ्हस्व आणि उद्यानाचं उद्दान! आयुष्य वह्या-पुस्तकं विकण्यात गेलं माझं, आणि तो पास मी रंगीत छापून, लॅमिनेट करून घेतला.

रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने निघून भाऊबीजेला सकाळी दादरला उतरलो. ताईने विचारलं, “पास काढलास ना रे?” म्हटलं, “काढला.” विषय संपला. भावोजी तर म्हणाले, “बरं केलंत, आम्हाला इथे राहून जमत नाही.”

बुधवारी साडेनऊचा स्लॉट, म्हणून सासूबाई उठायच्या आत बाहेर पडलो. भायखळ्याला उतरलो तर गेट बंद. पहारेकऱ्याला मी मोठ्या ऐटीत लॅमिनेट केलेला पास दाखवला. त्याने तो उलटासुलटा केला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “काका, तिकीट इथं खिडकीवर मिळतं. आईवडील आणि दोन पोरं मिळून शंभर रुपये. उद्या या.” धाकटीने तिथेच भोकाड पसरलं.

इथवर 1,049 गेले होते. तिथेच थांबलो असतो तर गुपचूप गिळलं असतं. पण मी पासाखालच्या नंबरावर फोन केला. ज्याने लुबाडलं त्यालाच तक्रार सांगायला! माणूस इतका अदबीने बोलला की काय सांगू. “सर, चूक आमची. रिफंड आत्ताच देतो.” त्याने क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, 1,049 टाका, पिन टाका, पैसे जमा होतील. मी टाकले. जमा होण्याऐवजी आणखी 1,049 कापले गेले. “सर, एंट्री उलटी पडली. आता दोन्ही मिळून 2,098 टाका, एकदम परत येतील.” तेही गेले. मग 4,196. प्रत्येक वेळी आधीचे पैसे सोडवायचे म्हणून पुढचे घालत गेलो. चौथ्या वेळी 8,392 टाकायला सांगितल्यावर बायकोने फोन हातातून ओढला. “अहो, पैसे यायचे असतील तर पिन कशाला लागतो?” फुटपाथवर उभं राहून तिला जे कळलं, ते मला चार वेळा पिन दाबूनही कळलं नव्हतं. पैसे येताना पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, मग समोरचा काहीही सांगो.

आणि याहून मोठा गाढवपणा पुढेच आहे. हे घडलं सकाळी दहाला आणि मी बँकेला फोन केला रात्री नऊला. का, तर भावोजींना कळू नये म्हणून. घरात बारा माणसं, बोलायला कोपरा नाही. तोवर पैसे त्या खात्यातून पुढे कुठच्या कुठे गेले होते. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, तिला प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी नंबर आणि स्क्रीनशॉट लागले. चॅट मी रागाच्या भरात पुसून बसलो होतो. एक रुपया परत आला नाही. आता त्यासाठी 1930 हा नंबर आहे. असं काही झालंच, तर आधी तो फिरवा, घरच्यांना तोंड कसं दाखवायचं ते मागाहून बघा.

गुरुवारी पुन्हा गेलो. खिडकीवर शंभर रुपये दिले, तिकीट घेतलं, आत गेलो. काचेपलीकडे पेंग्विन पोहत होते. मुलं हलायला तयार नव्हती. मी मागे उभा राहून मनात एकेक पेंग्विन कितीला पडला याचा हिशेब करत होतो.

तर परवाचा मेसेज. या वेळी मुरुडचा जंजिरा. ‘मर्यादित प्रवेश, होडीसह पास, आजच बुक करा.’ पाठवणारा तोच चुलतभाऊ. फोन केला तर म्हणतो, “अरे, मी कुठे वाचलं? नुसतं पुढे ढकललं.” त्याला म्हटलं, उघड आणि तारीख वाच. त्याने वाचली. 15 जुलै. भर पावसाळ्यात, जेव्हा जंजिऱ्याला नेणाऱ्या राजपुरीच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात.